नळाच्या पाण्याचा माग काढत माळशेजला

कल्याण सुटलं की कर्जतच्या लोकलमधून डोंगर दिसायला लागतात. विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर मागे पडेपर्यंत इमारतींच्या फटीतून मलंगगडाचा सुळका डोकावतो, अंबरनाथनंतर टावळीचा डोंगर पुढे येतो आणि बदलापूरच्या पलीकडे चंदेरीचा कातळ आभाळात उभा राहतो. १८५६ मध्ये कल्याणहून पळसदरीकडे आगगाडी धावू लागली, तेव्हापासून या खिडकीतला देखावा फारसा बदललेला नाही. बदललं ते खिडकीतलं माणूस. सकाळी सातची गाडी पकडून मुंबईला जायचं, रात्री नऊला परतायचं आणि सुट्टी मिळाली की लोणावळा किंवा महाबळेश्वर गाठायचं, असा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांतल्या हजारो घरांचा शिरस्ता आहे. अंगणातला सह्याद्री त्यात राहूनच जातो.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका कुटुंबाने यंदा श्रावणात हा शिरस्ता मोडायचं ठरवलं. आजी-आजोबा, त्यांचा मुलगा आणि सून, आठवीतली नात आणि तिचा धाकटा भाऊ. निमित्त झालं नातीच्या शाळेच्या प्रकल्पाचं. ‘आपल्या घरी पाणी कुठून येतं?’ या प्रश्नाचं उत्तर तिला लिहायचं होतं. वडिलांनी सांगितलं, "टाकीतून." आजीचं माहेर मुरबाड तालुक्यातलं, टोकावड्याच्या बाजूचं. ती म्हणाली, "पोरी, टाकीत कुठून येतं ते बघायचं तर गाडी काढा आणि माळशेजला चला. वाटेत सगळं दाखवते."

त्यांची वाट अशी ठरली : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, बारवी धरण, मुरबाड, टोकावडे, माळशेज आणि घाटमाथ्यावरून नाणेघाट. परतताना मुरबाडहून सरळ कल्याणच्या महामार्गाने शहाड. सगळा रस्ता डांबरी आहे, लहान गाडीलाही झेपणारा आहे आणि वाटेत खायची-प्यायची ददात नाही.

निघताना पोटपूजा उल्हासनगरातच झाली, कारण दाल-पकवान खावं ते इथेच. मैद्याचं कडकडीत, जिऱ्या-मिऱ्याचं पकवान, वर हरभऱ्याची शिजलेली डाळ, चिंचेची आणि पुदिन्याची चटणी आणि बारीक चिरलेला कांदा. ही न्याहारी इथे आली ती फाळणीबरोबर. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची सोय केली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिलं. नाव नदीचं होतं. घरदार सोडून आलेल्या माणसांच्या नव्या गावाला जवळच्या नदीचं नाव मिळालं, आणि नातीच्या वहीत पाण्याची पहिली नोंद इथेच झाली.

कॅम्प पाचकडून अंबरनाथ पूर्वेला गेलं की वालधुनीच्या काठी शिवमंदिर लागतं. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचं हे देऊळ. त्याच्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० आणि मुम्मुणी राजाचं नाव आहे. महाराष्ट्रात भूमिज शैलीची जी जुनी मंदिरं आहेत, त्यांत याचा मान वरचा. शिखराच्या उभ्या पट्ट्यांमध्ये छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक चढत जातात, ही या शैलीची खूण. इथलं शिखर मात्र आज पूर्ण नाही. सभामंडपातून गाभाऱ्यात जायचं तर वीसेक पायऱ्या खाली उतराव्या लागतात, आणि खाली पोचून मान वर केली की उघडं आभाळ दिसतं. श्रावणात तिथून पावसाची सर थेट पिंडीवर येते. धाकट्याने ती अंगावर घेतली आणि तो बाहेर यायला तयार होईना.

बाहेरच्या भिंतींवर हाताच्या अंतरावर हत्तींचा थर आहे, नर्तिका आहेत, देव-देवता आहेत. साडेनऊशे पावसाळे खाऊन काही चेहरे झिजलेत, तरी वळणं अजून स्पष्ट आहेत. हा दगड बेसॉल्ट, म्हणजे याच डोंगरांचा काळा कातळ. घडवायला चिवट आणि टिकायला दणकट. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. एरवी सकाळी लवकर आलं तर देऊळ निवांत बघता येतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असलं तरी इथली पूजाअर्चा चालूच आहे.

देवळाच्या कुशीतली वालधुनी मात्र बघवत नाही. अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगरात उगम पावणारी ही लहानशी नदी. ब्रिटिश काळात जीआयपी रेल्वेने तिच्या उगमाकडे बांधलेला तलाव आजही त्याच नावाने ओळखला जातो. वरती ती स्वच्छ आहे. कारखाने आणि वस्त्या लागल्या की तिचा रंग बदलतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात बेकायदा सोडलेल्या रसायनांमुळे झालेल्या वायूने उल्हासनगरात दोनशेहून अधिक लोकांना रुग्णालयात जावं लागलं होतं. अंबरनाथच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेल्या आजोबांनी नातवंडांना हे स्पष्ट सांगितलं. ज्या नदीकाठी शिलाहारांनी देऊळ बांधलं, तिचं हे पाणी आज हातात घेववत नाही, आणि हे आपल्याच पिढ्यांनी केलं.

बदलापूर आता माणसांनी फुगलंय. दादर-गिरगावातल्या चाळी सोडून आलेली आणि परवडणारं घर शोधत आलेली कुटुंबं इथे स्थिरावली. शहराच्या आसपास जांभळाची झाडं अजून टिकून आहेत आणि बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. जांभळाचा हंगाम जूनअखेर सरतो. श्रावणात रस्त्याकडेला वाटे लावून बसलेल्या ठाकर आणि कातकरी बायांकडे रानभाज्या असतात. आजीने गाडी थांबवायला लावली. करटोली बोटात धरून दाबून पाहिली, पिवळी पडलेली बाजूला सारली आणि कोवळी हिरवीगार टोपलीतून वेचून घेतली. "बी कडक झालं की कामाची नाही," ती नातीला म्हणाली. शेजारच्या टोपलीत कुर्डू होता आणि भारंगीचा कोवळा पाला होता. पहिल्या पावसात येतात ती शेवळं आता संपली होती. शेवळं घशाला खाजतात, म्हणून ती काकडांच्या आंबट फळांबरोबर शिजवतात. हा हिशेब आजीला तोंडपाठ होता.

बदलापूर पश्चिमेकडून पूल ओलांडताना उल्हास भेटते. श्रावणात ती लाल-तपकिरी आणि रुंद असते. इथल्या बंधाऱ्यावरून, ज्याला सगळे बॅरेज म्हणतात, तिचं पाणी उचललं जातं आणि शुद्ध होऊन बदलापूर-अंबरनाथच्या नळांना येतं. पण उन्हाळ्यात जेव्हा कोकणातल्या बहुतेक नद्या आटून दगड उघडे पडतात, तेव्हाही उल्हास वाहत असते. त्यामागे शंभर वर्षांपूर्वीचं एक काम आहे. घाटमाथ्यावरच्या आंध्रा नदीचं पाणी खरं तर पूर्वेला भीमेकडे जाणारं. टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधून ते अडवलं आणि डोंगराच्या पोटातून पश्चिमेला, खाली भिवपुरीच्या वीजघरात सोडलं. १९२२ पासून ते पाणी चाकं फिरवून उल्हासच्या खोऱ्यात येतं. बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी बदलापूरच्या बादलीत येतं ते असं. नातीने ते वहीत दोनदा अधोरेखित केलं.

हीच नदी रागावते तेव्हा काय होतं, हे बदलापूरकरांना वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला ते अजून तळमजल्यावर घर घेताना दहा वेळा विचार करतात. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी गाडीत होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि गावकऱ्यांच्या मदतीने सगळ्यांना सुखरूप बाहेर काढण्यात आलं. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतली माणसं पुराच्या कडेला उभी राहून अनोळखी प्रवाशांना हात देत होती, ही आठवण या भागाने अभिमानाने जपावी अशीच आहे.

पुढचा रस्ता मुळगाववरून बारवी धरणाकडे जातो. शहर इथे एकदम संपतं. दोन्ही अंगांना साग, ऐन, मोह, पळस आणि त्यांच्या मधे मधे भातखाचरं. वळणावळणाचा हा जंगलरस्ता संपूर्ण सहलीत गाडी सावकाश चालवायला सर्वांत चांगला. काचा खाली केल्या की ओल्या पाल्याचा वास आत येतो.

बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचं. १९७० च्या दशकात मुख्यतः कारखान्यांसाठी बांधलेलं हे धरण पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याण-डोंबिवली, ठाणे आणि मीरा-भाईंदरच्या लाखो माणसांची तहान भागवू लागलं. बारवीचं पाणी जांभूळ गावाजवळच्या केंद्रात शुद्ध होतं आणि जलवाहिन्यांतून शहरांत जातं. नातीच्या प्रश्नाचं सरळ उत्तर इथे समोर पसरलेलं होतं : कॅम्प चारचा नळ हा या तलावाचा शेवटचा धागा. मागणी वाढत गेली तशी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. आता पाणी ७२.६० मीटरला पोचलं की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. चांगल्या पावसाच्या वर्षी ते ऑगस्टमध्ये उघडतात आणि खालच्या गावांना सावधानतेचा इशारा दिला जातो.

उंची वाढली त्याची किंमत मुरबाड तालुक्यातल्या गावांनी मोजली. घरं आणि शेतं पाण्याखाली गेली. लांब चाललेल्या संघर्षानंतर प्रकल्पग्रस्त कुटुंबांतल्या लोकांना महामंडळात आणि पाणी घेणाऱ्या महापालिकांमध्ये नोकऱ्या देण्याचा मार्ग निघाला. पाणी पिणाऱ्या शहराने पाणी देणाऱ्या गावाला नोकरी द्यायची, ही न्यायाची रीत इतर धरणांनीही उचलायला हवी. धरणाच्या भिंतीजवळ जायला मनाई आहे आणि पावसाळ्यात आसपासच्या धबधब्यांवरही पोलीस बंदी घालतात. ती पाळावी. रस्त्याच्या कडेने दिसणारं पाणीसुद्धा मन भरेल इतकं आहे.

मुरबाड हे तालुक्याचं गाव आणि बाजारपेठ. गाडीत पेट्रोल भरायचं ते इथेच, कारण पुढे पंप तुरळक. इथून दक्षिणेला म्हसा आहे. पौष पौर्णिमेपासून तिथे म्हसोबाची जत्रा भरते आणि गुरांचा मोठा बाजार लागतो. आजीच्या लहानपणी तिच्या वडिलांनी बैलजोडी तिथूनच आणली होती आणि घोंगडीही.

आभाळ मोकळं असलं तर मुरबाडच्या पुढे सह्याद्रीची अख्खी भिंत दिसते. गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, त्यांच्या बाजूला भीमाशंकर अभयारण्याच्या जंगलात बसलेला सिद्धगड. सिद्धगडाचं नाव निघालं की आजोबा थांबून बोलतात. माथेरानला जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल १९४२ च्या चळवळीत भूमिगत झाले. त्यांनी उभारलेल्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज पुरवणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. दर वर्षी २ जानेवारीला या परिसरातले लोक सिद्धगडला त्यांना मानवंदना द्यायला जमतात. थंडीच्या दिवसांत सहल काढणाऱ्या घरांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

सरळगाव ओलांडून टोकावड्याकडे निघालं की आजीचा मुलूख सुरू होतो. लावणी उरकलेली भातं वाऱ्यावर हलत होती, ओढे दुथडी भरून वाहत होते. नातू म्हणाला, "आजी, इथे तर पाणीच पाणी आहे!" आजीने सांगितलं, "आता आहे बाळा. चैतात ये. बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसलेल्या दिसतील."

हे ऐकून शहरातला माणूस चक्रावतो, पण त्यामागे खडकाचं गणित आहे. बेसॉल्टचा कातळ घट्ट असतो, त्यात पाणी फारसं मुरत नाही. वर डोंगराचा उतार तीव्र. चार महिने कोसळणारा पाऊस ओढ्यानाल्यांतून तासाभरात खाली उतरतो आणि समुद्राची वाट धरतो. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाडच्या आदिवासी पाड्यांना मार्चनंतर पाणी शोधावं लागतं, आणि याच दोन तालुक्यांतल्या धरणांचं पाणी बाराही महिने मुंबई आणि ठाण्याकडे जात असतं. मुरबाडला काळू नदीवर आणखी एक मोठं धरण योजलं गेलं. बुडणाऱ्या गावांतल्या आदिवासींनी त्याला विरोध केला आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. मुंबई महानगराची तहान खरी आहे आणि पाड्यावरच्या बाईची तहानही खरी आहे. शहरातल्या माणसाने इथे यावं ते निदान हे दोन्ही एका वेळी डोळ्यांनी पाहण्यासाठी.

टोकावडे-वैशाखरेच्या पुढे डाव्या-उजव्या हाताला कडे जवळ येतात. राष्ट्रीय महामार्ग ६१ इथून माळशेज चढतो. जुन्या पाट्यांवर अजून २२२ हा आकडा सापडतो. कल्याणपासून घाटमाथा नव्वदेक किलोमीटरवर. श्रावणात या चढणीवर पाणी कुठून येत नाही ते सांगणं सोपं. कड्यावरून, कपारीतून, रस्त्याच्या बाजूच्या भिंतीवरून, सगळीकडून धारा. ढग खाली उतरले की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसतो. बोगद्यातून बाहेर आलं की खालची दरी एकदम उघडते आणि तिच्या तळाला काळू नदीची रेघ चमकते.

घाटाने माणसं घेतलीही आहेत. २ जानेवारी २०१४ रोजी एसटीची एक बस इथल्या दरीत कोसळली आणि पंचवीसहून अधिक प्रवासी गेले. पावसाळ्यात दरडी कोसळून वाहतूक बंद पडण्याचे प्रसंगही येतात. म्हणून काही नियम घट्ट पाळावेत. घाट दुपारच्या आत चढावा, संध्याकाळच्या धुक्यात उतरू नये. गाडी ठरवून दिलेल्या जागीच उभी करावी. कठड्यावर चढून फोटो काढू नयेत. धबधब्याखाली जायला बंदी असेल तर लांबूनच पाहावं, कारण वरून पाण्याबरोबर दगडही येतात. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी सहल पुढे ढकलावी. कणीस आणि कांदाभजी पुढच्या आठवड्यातही मिळतात.

थांब्यावर उभं राहून वडिलांनी मुलांना समोरचा कडा वाचायला शिकवला. नीट पाहिलं तर कातळाचे आडवे थर दिसतात, भाकऱ्यांची चवड रचावी तसे एकावर एक. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा पट्टा असतो. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एक पूर. तो थंड झाला, त्याच्यावर माती झाली आणि मग पुढच्या लाव्हाने ती माती भाजून काढली, तोच हा तांबडा पट्टा. थरांमधल्या सच्छिद्र भागातून पाणी झिरपतं, त्यामुळे झरे बऱ्याचदा एकाच उंचीवर रांगेत फुटलेले दिसतात. मुलांनी समोरच्या कड्यावर अशी एक रांग शोधून काढली.

हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी बाहेर पडला. तेव्हा भारताचा भूभाग आजच्या जागी नव्हता. तो उत्तरेकडे सरकत असताना पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून गेला आणि आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दख्खनचा कातळ तयार झाला. सह्याद्रीत त्याची जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरहून जास्त भरते. भारत पुढे निघून गेला, ती तप्त जागा मात्र मागे राहिली आणि समुद्रातून बेटांची माळ उगवत गेली : लक्षद्वीप आणि मालदीवच्या तळातले डोंगर, नंतर मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. रियुनियनवरचा ‘पितों द ला फुर्नेज’ हा ज्वालामुखी आजही जागा आहे. उष्ण कटिबंधातल्या त्या बेटांचे घाट आणि माळशेजचा हा कडा एकाच भट्टीतून निघालेले आहेत.

मॉरिशसचं नाव आलं की मराठी माणसाला आणखी एक धागा सापडतो. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर काम करायला कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे आहेत. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातून निघालेली माणसं समुद्रापार गेली आणि तिथेही काळ्या कातळाच्या डोंगरांखालीच त्यांनी गणपती बसवला.

घाटमाथ्यावर जिल्हा बदलतो. ठाणे संपून पुणे सुरू होतं, जुन्नर तालुका लागतो. काही किलोमीटरमध्ये पाऊस ओसरतो, हिरवा रंग फिकट होतो आणि पिंपळगाव जोगा धरणाचं रुंद पाणी समोर येतं. खुबी फाट्यावरून खिरेश्वरकडे जाणारा रस्ता हरिश्चंद्रगडाच्या वाटेला नेतो. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असताना १४२४ मीटर उंचीच्या त्या गडाला हात न लावता खालूनच नमस्कार करावा आणि खिरेश्वरचं नागेश्वर मंदिर पाहावं. जेवायला या पट्ट्यात मासवडी आणि रस्सा मागवावा. नाव काही असलं तरी त्यात मासा नसतो. बेसनाच्या आवरणात तीळ, खोबरं, लसूण आणि मसाल्याचं सारण भरून केलेली ही वडी, सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. श्रावणात मांस-मासे टाळणाऱ्या घरातही बिनघोर चालते. धाकट्याला रस्सा झेपला नाही, पण वड्या त्याने संपवल्या.

शेवटचा मुक्काम नाणेघाट. माथ्यावर जायला गाडीला जुन्नरच्या बाजूने घाटघरमार्गे वळसा घ्यावा लागतो. पायी येणारे कोकणातून, वैशाखऱ्याच्या बाजूने चढतात. दोन हजार वर्षांपूर्वी हा पायरस्ता हाच महामार्ग होता. सोपारा आणि कल्याण बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर इथून चढायचा आणि जुन्नरमार्गे प्रतिष्ठानला, म्हणजे पैठणला जायचा. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं लोक सांगतात.

थोडं खाली उतरलं की सातवाहनांची गुहा लागते. तिच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तिने आणि सातकर्णीने केलेल्या यज्ञांची, दिलेल्या गाईंची, घोड्यांची आणि कार्षापणांची यादी त्यात आहे. भारतीय अंकांच्या अगदी जुन्या खुणाही इथे कोरलेल्या आहेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आज पाय तेवढे उरलेत आणि वर सिमुक, नागनिका, सातकर्णी अशी नावं. १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. शाळेच्या पुस्तकातली नावं दगडावर पाहून नातीने बोटाने हवेतच एकेक अक्षर गिरवलं. लेखाला हात लावायचा नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

गुहेबाहेर वारा इतका जोराचा होता की कड्यावरून खाली पडणारं पाणी उलट वर उडत होतं. हाच तो उलटा धबधबा. नाणेघाटाच्या खिंडीत कोकणाकडून येणारा वारा कोंडला जातो आणि बारीक धारांना वर फेकतो. जवळ ‘नानाचा अंगठा’ हा सुळका आणि समोर जीवधन. कड्याच्या टोकाशी न जाता मागच्या पठारावरूनही हे सगळं छान दिसतं. भाद्रपदात याच पठारावर सोनकी आणि तेरडा फुलतो. कारवी मात्र सात-आठ वर्षांतून एकदाच बहरते, आणि त्या वर्षी डोंगर जांभळट दिसतो.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनाही हा प्रवास करता येतो. कल्याणहून मुरबाडला आणि माळशेजमार्गे अहिल्यानगरकडे एसटी जाते. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी या भागात फार जुनी आहे. ती सुरू होईपर्यंत एसटीच भरवशाची.

परतीला मुरबाड सोडलं की शहाडच्या आधी रायत्याच्या पुलावर उल्हास पुन्हा भेटते. मोठ्या पुरात हा पूल पाण्याखाली जातो आणि महामार्ग बंद पडतो. त्या दिवशी पाणी पुलाच्या बरंच खाली होतं. पूल ओलांडेपर्यंत नातीने वहीत यादी पूर्ण केली : उल्हासच्या उगमाकडचा, राजमाचीच्या बाजूचा पाऊस, भिवपुरीतून आलेलं आंध्रेचं पाणी, बारवी, आणि खाली उल्हासला मिळणारी माळशेजची काळू. यादीच्या खाली तिने आजीच्या माहेरच्या पाड्याचं नाव लिहिलं आणि समोर प्रश्नचिन्ह काढलं. त्यावर घरात चर्चा झाली आणि पुढची सहल पक्की ठरली. मे महिन्यात, याच रस्त्याने. बारवी तेव्हा किती खाली गेलेलं असतं ते पाहायचं आणि टोकावड्याच्या पाड्यावर जाऊन टँकर कितव्या दिवशी येतो ते विचारायचं.